पुढच्या साथीआधी नियम बदला: जिनिव्हातल्या प्रतिनिधींना एका केमिस्टचं खुलं पत्र

प्रति,
जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (म्हणजे पेटंट, कॉपीराइट वगैरेंच्या कराराच्या) कौन्सिलमध्ये बसणारे सर्व देशांचे प्रतिनिधी,
जिनिव्हा

नमस्कार,

मी पुण्यात हडपसरला मेडिकलचं दुकान चालवतो. बी.फार्म करून एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून काउंटरवरच उभा आहे. वकील नाही, आंतरराष्ट्रीय कायदा कॉलेजात शिकलो नाही, पण पेटंट म्हणजे काय हे मला स्ट्रिपच्या मागच्या किमतीवरून कळतं. २०२२ च्या जुलैत सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, शुगरची गोळी आहे ती, आणि थोड्याच दिवसांत तीच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं माझ्या रॅकवर आली. जे काका महिन्याची गोळी पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्यानं न्यायचे ते एकदम महिन्याची न्यायला लागले. गोळी तीच, शुगर तीच, बदलला तो एक कागद. तुम्ही तिकडे जे ठरवता, किंवा ठरवायचं राहून जातं, ते असं आमच्यापर्यंत येतं, म्हणून मध्ये कुणाला न घालता थेट तुम्हालाच लिहितोय.

विषय आहे कोविडच्या काळात ट्रिप्सच्या नियमांतून जी सूट मागितली होती, तिचा. म्हणाल आता कशाला, झालं ते झालं. पण मला वाटतं तेव्हा जे झालं त्याचा हिशोब नीट मांडला गेला नाही, आणि पुढची साथ आली की आपण सगळे परत त्याच जागी उभे असू.

१२ जानेवारी २०२१ ची सकाळ मला अजून आठवते. आमच्या शेजारी मांजरीला सीरम इन्स्टिट्यूट आहे, तिथून पहाटे कोव्हिशिल्डचे पहिले ट्रक निघाले, नारळ फोडून, पूजा करून, आणि दुकान उघडलं तर येणारा प्रत्येक जण तेच बोलत होता, जणू आपल्या घरातली पोरगी सासरी निघालीय इतकं अप्रूप. पुढं २४ फेब्रुवारीला घानाची राजधानी आक्राच्या विमानतळावर कोव्हॅक्सचे, म्हणजे गरीब देशांपर्यंत लस पोचवायच्या जागतिक योजनेचे, जगातले सगळ्यात पहिले डोस उतरले, सहा लाख, ते पण इथलेच. टीव्हीवर ते खोके बघताना माझ्या आईनं हात जोडलेले.

आणि मग एप्रिल. तो महिना मी कधी विसरणार नाही. सकाळी सातला शटर वर करायच्या आधी बाहेर पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या हातात रेमडेसिव्हिरची चिठ्ठी, आणि माझ्याकडे एक व्हायल नाही. फुरसुंगीची एक ताई रोज यायची, नवरा व्हेंटिलेटरवर होता, तिला रोज नाही म्हणायचो, चौथ्या दिवशी ती आली नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. त्या इंजेक्शननं किती फरक पडला असता यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं हे मला नंतर कळलं, पण त्या वेळी तिच्यासाठी ते सगळं काही होतं. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली आणि १२ मेला आमच्या राज्यानं ती थांबवली कारण डोसच पुरेसे नव्हते. म्हणजे ज्यांच्या गच्चीतून लसीचा कारखाना दिसतो ती पोरं रात्री बारा वाजता मोबाईलवर स्लॉट शोधत बसलेली. कारखान्याला मी दोष देत नाही, तिथं काम चालूच होतं, जानेवारीत त्याच आवारात आग लागून पाच कामगार गेले त्यानंतरही चालू होतं. दोष इथं आहे की जवळजवळ अख्ख्या गरीब जगाची भिस्त एका पुण्यावर होती.

आणि हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर पत्र एकतर्फी होईल, की मार्चच्या शेवटी आमच्या सरकारनं लसीची निर्यात जवळजवळ बंद केली. आमची माणसं मरत होती, आतले डोस आतच ठेवले, मी तेव्हा त्या निर्णयाच्या बाजूनंच होतो आणि आजही कुणी विचारलं तर नाही म्हणवत नाही. पण त्याचा अर्थ असा की आफ्रिकेत ज्यांनी पहिला डोस घेतला त्यांचा दुसरा डोस अडकला. नर्स, वॉर्डबॉय, म्हातारी माणसं. आमच्या आणि त्यांच्या जिवाची अशी ओढाताण व्हायचं काहीच कारण नव्हतं जर दुसरीकडे पण कारखाने चालू असते.

आता मूळ गोष्टीवर येतो. २ ऑक्टोबर २०२० ला, गांधी जयंतीच्या दिवशी, भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं तुमच्या कौन्सिलला एक अर्ज दिला. मागणी साधी होती. कोविड आहे तोवर लस, औषधं, टेस्ट किट, व्हेंटिलेटर यांच्यावरचे पेटंट, कॉपीराइट, डिझाईन आणि गुप्त माहितीचे नियम बाजूला ठेवा, ज्याला बनवता येईल त्याला बनवू द्या. त्या दिवशी जगात एकही लस मोठ्या मंजुरीपर्यंत आलेली नव्हती, म्हणजे वेळ होता, तयारी करायला भरपूर वेळ होता. पुढं शंभरावर देशांनी पाठिंबा दिला. युरोपियन युनियन, ब्रिटन, स्वित्झर्लंड यांनी विरोध केला. अमेरिकेनं ५ मे २०२१ ला सांगितलं की लसीपुरतं आम्ही तयार आहोत. आणि निर्णय झाला १७ जून २०२२ ला. वीस महिने. मी कॅलेंडर समोर ठेवून मोजले. या वीस महिन्यांत आमच्याकडे पहिली लाट ओसरून दुसरी आली, डेल्टा आला, तिसरी लाट ओमिक्रॉनची आली आणि गेली.

आणि वीस महिन्यांनी निघालं काय? फक्त लस. तीही पेटंटपुरती. ज्या कलमात म्हटलंय की मालकाच्या परवानगीशिवाय बनवलेला माल मुख्यतः देशातल्या बाजारासाठी असावा, ती अट पाच वर्षांसाठी ढिली केली, एवढंच. औषधं आणि टेस्ट किटचं सहा महिन्यांत बघू म्हणालात, ते बघणं लांबत गेलं आणि २०२४ मध्ये अबुधाबीच्या मंत्री परिषदेतही काही ठरलं नाही. ज्या महिन्यात लसीचा निर्णय झाला त्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅस्पेन कंपनीकडे जॉन्सन अँड जॉन्सनची लस स्वतःच्या नावानं भरायची सोय तयार होती आणि एक ऑर्डर नव्हती, कारण तोवर जगात डोस जास्त झाले होते. तहान लागली तेव्हा टँकर आला नाही आणि पूर आला तेव्हा आला, आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी औषधवाला आहे म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो जी मला वाटतं चर्चेत कुठंतरी हरवली. गोळीचं आणि लसीचं वेगळं असतं. गोळीमध्ये कुठलं रसायन आहे ते कळलं की चांगला केमिस्ट ती दुसऱ्या वाटेनं बनवू शकतो, भारताचा सगळा औषधधंदा त्याच्यावरच उभा राहिला. १९७० च्या आमच्या कायद्यात औषधाच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं, औषधावर नाही, २००५ पर्यंत तसं होतं. लसीचं तसं नाही. बऱ्याच लशी जिवंत पेशींमध्ये वाढवतात, कुठल्या पेशी, किती तापमान, कुठला फिल्टर, कुठल्या टप्प्याला काय तपासायचं, हे सगळं कंपनीच्या आतल्या वह्यांमध्ये असतं आणि त्याला तुमच्या करारात गुप्त माहिती म्हणून संरक्षण आहे. म्हणून तर मूळ अर्जात पेटंटच्या बरोबरीनं गुप्त माहितीचा उल्लेख होता. शेवटी तोच भाग गळाला. नुसतं पेटंट उघडून लस बनत नाही, रेसिपीचं नाव सांगून पुरणपोळी येत नाही तसंच आहे ते.

तरी माणसं थांबली नाहीत. जून २०२१ मध्ये डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला एमआरएनए या नव्या तंत्राच्या लसीचं केंद्र जाहीर केलं, तिथल्या आफ्रिजेन नावाच्या छोट्या कंपनीनं अशी लस आधीच बनवणाऱ्या अमेरिकेतल्या मॉडर्नाकडे मदत मागितली, मिळाली नाही, मग त्यांनी जी माहिती उघड होती तेवढ्यावरून २०२२ च्या सुरुवातीला स्वतः लस बनवून दाखवली. प्रयोगशाळेच्या पातळीवर, थोडी, पण बनवली. गरीब देशांना हे जमणारच नाही असं जे कुणी चर्चेत म्हणत होते त्यांनी तिथं एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या समोर असंही सांगितलं गेलं की नियमात आधीच पळवाट आहे, सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्याची परवानगी नसली तरी सरकारनं दुसऱ्याला बनवायला द्यायचं, मग वेगळी सूट कशाला. ही पळवाट कशी चालते ते मी वाचून काढलं, रात्री दुकान बंद करून, दोन-तीन आठवडे लागले. ज्या देशाकडे कारखाना नाही त्यानं आधी तुम्हाला कळवायचं की मला अमुक औषध इतकं पाहिजे. मग ज्या देशात कारखाना आहे त्यानं आपल्या कायद्याखाली लायसन्स द्यायचं, तेवढ्याच नगापुरतं, वेगळ्या पॅकिंगमध्ये. परत लागलं तर परत पहिल्यापासून. ही सोय २००३ पासून आहे आणि तिचा शेवटपर्यंत वापर झाला तो एकदाच. रवांडानं जुलै २००७ मध्ये एड्सच्या गोळ्यांसाठी कळवलं, कॅनडातल्या अ‍ॅपोटेक्सनं त्या बनवल्या, पहिली खेप निघाली सप्टेंबर २००८ मध्ये. चौदा महिने. माझ्याकडे रात्री अकराला कुणी इन्शुलिन मागायला आलं आणि मी त्याला चौदा महिन्यांनी ये म्हणालो तर?

कोविडमध्ये बोलिव्हियानं हीच वाट धरली. कॅनडातली बायोलाईज नावाची कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनची लस बनवायला तयार होती, मे २०२१ मध्ये बोलिव्हियानं दीड कोटी डोस पाहिजेत म्हणून रीतसर कळवलं. पण कॅनडाच्या कायद्यात एक यादी आहे, त्या यादीत औषध असेल तरच अर्ज पुढं जातो, आणि कोविडची लस त्या यादीत नव्हती. यादीत एक नाव घालायचं होतं. एक नाव. ते घातलं गेलं नाही. घेणारा तयार, बनवणारा तयार, तुमचा कायदा पण म्हणतो चालेल, आणि एक डोस गेला नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

आणि तुमच्या स्वतःच्या घटनेत, म्हणजे मराकेशला १९९४ मध्ये जी सही झाली त्या करारात, असं लिहिलंय की सूट देताना सगळ्यांचं एकमत होत नसेल तर तीन चतुर्थांश सदस्यांच्या मतानं देता येते. तेव्हा तुम्ही १६४ सदस्य होता, म्हणजे १२३ मतं. शंभरावर देश सूट पाहिजे म्हणत होते. पण मतदान घ्यायचंच नाही, सहमती होईपर्यंत बोलत राहायचं ही तिथली पद्धत, आणि त्यामुळे मोजक्या देशांनी नुसतं थांबवून धरलं तरी सगळं थांबलं. मी हे कुणाला शिव्या द्यायला लिहीत नाही. पण आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली आणि तळमजल्यावरच्या दोन घरांचं एकमत होत नाही म्हणून वरच्या आजींनी वर्ष-दीड वर्ष जिने चढायचे, असं कुणी चालवून घेईल का? आणि इथं तर लिफ्ट नव्हती, ऑक्सिजन होता.

किती अंतर पडलं ते डब्ल्यूएचओच्या प्रमुखांनी १८ जानेवारी २०२१ ला सांगितलं होतं. तोवर श्रीमंत देशांमध्ये ३ कोटी ९० लाख डोस दिले गेले होते, आणि एका सगळ्यात गरीब देशात २५. पंचवीस लाख नाही, पंचवीस हजार नाही, पंचवीस. माझ्या फ्रिजच्या एका कप्प्यात त्याहून जास्त व्हायल असतात. त्या वर्षाच्या शेवटाला आफ्रिकेत दोन्ही डोस झालेली माणसं शंभरात दहा पण नव्हती, तेव्हा श्रीमंत देशांत बूस्टर चालू झाले होते. दक्षिण आफ्रिकेत तर चाचण्या तिथल्या लोकांच्या दंडावर झाल्या, आणि पुण्याहूनच गेलेल्या पहिल्या डोसला त्यांनी ५.२५ डॉलर मोजले, युरोपला जवळपास त्याच लसीचा डोस दोन डॉलरच्या आसपास पडत होता. नंतर तिथल्याच कारखान्यात भरलेले जॉन्सनचे डोस युरोपला जात होते, ओरड झाली तेव्हा थांबलं.

नोव्हेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा तर तुम्हाला पाठ असेल. दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखला आणि लपवून न ठेवता जगाला लगेच सांगितलं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे त्यांनी त्यांचं काम चोख केलं. बदल्यात काही तासांत त्यांच्या विमानांवर बंदी आली. त्याच आठवड्यात ३० नोव्हेंबरला जिनिव्हात तुमची मंत्री परिषद होती, जिच्यात ही सूट द्यायची का यावर बोलणी पुढं जायची होती, ती पण प्रवासबंदीमुळे पुढं ढकलली गेली. ज्या देशानं सूट मागायचा अर्ज केला, त्याच देशानं जगाला सावध केलं, आणि त्याच्याच प्रतिनिधींना त्या खोलीत येता येईना.

याच्या उलट काय होऊ शकतं ते पण आपण बघितलेलं आहे. एड्सच्या वेळी औषधाचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता, आफ्रिकेत माणसं औषध असून मरत होती, ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर स्वस्त औषधाच्या कायद्यावरून केस घातलेली. फेब्रुवारी २००१ मध्ये आमच्या मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी सांगितलं की तीन औषधांचं हे मिश्रण मी वर्षाला ३५० डॉलरला देतो, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. एप्रिलमध्ये त्या कंपन्यांनी केस मागे घेतली. नोव्हेंबरमध्ये दोहाला तुम्हीच जाहीरनामा काढलात की ट्रिप्स करार कुठल्याही देशाला लोकांचं आरोग्य सांभाळण्यापासून अडवत नाही आणि अडवू नये. तो जाहीरनामा मी दुकानात काचेखाली ठेवलाय, मराठीत करून घेतलेलं एक पान. म्हणजे तुम्हाला हे कळत नाही असं नाही. तुम्हीच लिहिलेलं आहे.

अजून एक उदाहरण मला जवळचं वाटतं. बेडाक्विलिन नावाचं टीबीचं औषध, ज्यांना साधी औषधं लागू पडत नाहीत त्यांच्यासाठी. त्याच्या आधी अशा रुग्णांना महिनोन्महिने इंजेक्शनं द्यायचे ज्यानं कान जायचे. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघींना टीबी झाला, दोघी बऱ्या झाल्या, दोघींचे कान गेले. त्या दोघींनी मिळून २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात विरोधाचा अर्ज दिला की कंपनीला पेटंटची मुदत आणखी वाढवून देऊ नका, आणि मार्च २०२३ मध्ये कार्यालयानं त्यांचं ऐकलं. आजारातून उठलेल्या दोन मुली हे करू शकल्या, आणि तुम्ही सगळे देश मिळून वीस महिन्यांत एक पान लिहिता.

आमच्या सरकारलाही दोन शब्द सांगायचेत, म्हणजे हे पत्र बाहेरच्यांनाच सुनावणारं आहे असं कुणाला वाटायला नको. बाहेर जाऊन आपण सूट मागितली, अभिमान वाटला. पण ३० एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टानं विचारलं की आपल्याच पेटंट कायद्यात सक्तीच्या लायसन्सची कलमं आहेत, ती का वापरत नाही, तेव्हा केंद्रानं उत्तर दिलं की आत्ता ते केलं तर उलटा परिणाम होईल. आजवर भारतानं असं लायसन्स एकदाच दिलंय, मार्च २०१२ मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून, कॅन्सरच्या नेक्साव्हारसाठी. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारावरून ८,८०० वर आला. एवढा फरक बघितल्यावर आपण परत ते का केलं नाही? आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी जो व्यापार करार झाला त्यात औषध मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कंपनीनं राजीखुशीनं दिलेलं लायसन्स, अशा अर्थाचं कलम आपण मान्य केलंय. जिनिव्हात एक आणि लंडनमध्ये दुसरं असं करून आपलं वजन कमी होतं. परळच्या हाफकिनची आठवण पण ठेवावी, तिथले वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आमच्या मुंबई-पुण्यात माणसं पटापट जात होती तेव्हा. एप्रिल २०२१ मध्ये त्याच संस्थेला कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी दिली, ती दुसरी लाट ऐन भरात असताना. सरकारी कारखाने आधीपासून सांभाळले असते तर इतका उशीर झाला नसता.

कंपन्यांचं म्हणणं मला समजतं. औषध शोधायला पैसा लागतो, वर्षं लागतात, नफा नसेल तर कोण शोधेल. मी पण धंदा करतो, फुकट वाटा असं मी कधी म्हणणार नाही. पण या लशींच्या बाबतीत पैसा कुणाचा होता ते पण बघा. मॉडर्नाची लस अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेबरोबर बनली आणि अमेरिकेच्या तिजोरीतून त्यासाठी अब्जावधी डॉलर गेले. फायझरबरोबर लस आणणाऱ्या बायोनटेकला जर्मन सरकारनं ३७.५ कोटी युरो दिले. कोव्हिशिल्ड मुळात ऑक्सफर्ड विद्यापीठातली. जोखीम लोकांच्या पैशानं उचलली, लस यायच्या आधीच ऑर्डरी देऊन ठेवल्या. मग निदान साथीपुरतं तरी लोकांचा त्याच्यावर हक्क नाही का?

आणि हक्क म्हणजे माझ्या मनचा हक्क म्हणत नाही. १९६६ चा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार आहे, तुमच्यातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेला. त्याच्या बाराव्या कलमात आरोग्याचा हक्क आहे, साथी आटोक्यात आणायचं कर्तव्य आहे, पंधराव्यात विज्ञानाच्या प्रगतीचा फायदा प्रत्येकाला मिळायचा हक्क आहे. हा पण आंतरराष्ट्रीय कायदाच आहे. पण पेटंट मोडलं तर तुमच्याकडे तक्रार, सुनावणी, व्यापारावर निर्बंध असं सगळं आहे, आणि आरोग्याचा हक्क मोडला तर एक समिती नाराजी कळवते. दोन कायदे, एकाच्या हातात काठी आणि दुसऱ्याच्या हातात पत्र. गरीब देशाच्या वाट्याला कायम दुसरा येतो.

मला काय पाहिजे ते आता स्पष्ट लिहितो. पुढच्या वेळी सूट मागायला लागू नये. ती आपोआप लागू व्हावी. आरोग्य नियमांमध्ये २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, सप्टेंबर २०२५ पासून ती लागू आहे, त्यात महासाथीची आणीबाणी अशी नवी पायरी आलीय जी डब्ल्यूएचओचे प्रमुख जाहीर करतात. त्यांनी ती जाहीर केली की त्याच दिवशी ट्रिप्सची सूट चालू, लस, औषध, टेस्ट सगळ्यावर, गुप्त माहितीसकट, आणि आणीबाणी संपली की ठराविक मुदतीनं बंद. सूट नको असेल त्यानं ती थांबवायला तीन चतुर्थांश मतं गोळा करावीत. आजच्या पद्धतीत चालू करायला सगळ्यांचं एकमत लागतं, तसं न होता बंद करायला बहुमत लागू दे. हे शांततेच्या काळातच ठरतं, साथ आली की प्रत्येक देश आपापलं बघतो, आम्ही पण बघितलं, वर सांगितलंच. आणि ज्या कंपनीनं लोकांच्या पैशानं लस बनवली तिनं तंत्र शिकवायचं हे पैसे देतानाच करारात लिहून घ्या, नंतर विनवण्या करून कुणी देत नाही, केप टाऊननं बघितलंय.

२० मे २०२५ ला डब्ल्यूएचओच्या सभेत महासाथीचा करार मंजूर झाला, आदल्या दिवशी समितीत बाजूनं १२४ मतं पडली, विरोधात एक पण नाही. त्यात असं आहे की ज्या कंपन्या यात सामील होतील त्यांनी साथीच्या वेळी बनणाऱ्या मालातला २० टक्के डब्ल्यूएचओला द्यायचं लक्ष्य ठेवायचं, आणि निदान दहा टक्के फुकट द्यायचा. चांगलं आहे. पण तंत्र देण्याचा विषय आला की तिथं पण परस्पर संमतीनं असे शब्द आहेत, आणि ज्याच्या हातात वस्तू आहे त्याची संमती न मिळणं हीच तर अडचण होती. शिवाय विषाणूचे नमुने कुणी द्यायचे आणि बदल्यात काय मिळणार हे एका परिशिष्टावर ठेवलंय. इंडोनेशियानं २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं होतं, कारण त्यांच्याच नमुन्यावरून परदेशी कंपनीनं लस बनवली आणि ती त्यांना परवडणार नव्हती. नमुना आमचा आणि लस तुमची, असं चाललं तर एक दिवस नमुने पण येणार नाहीत आणि मग तुमच्याकडची माणसं पण सुरक्षित राहणार नाहीत. म्हणून दोन्ही इमारतीतल्या लोकांनी, व्यापारवाल्यांनी आणि आरोग्यवाल्यांनी, एका टेबलावर बसून हे जोडून घ्यावं. दोन्ही कचेऱ्या एकाच गावात आहेत, बसनं जाता येतं.

पत्र मराठीत आहे कारण माझा विचार मराठीत चालतो. तुमच्यापैकी भारताच्या कार्यालयात मराठी वाचणारं कुणीतरी असेलच, त्यांनी हे बाकीच्यांना वाचून दाखवावं, विशेषतः कॅनडाच्या आणि युरोपच्या प्रतिनिधींना, आणि आपोआप सूट हा विषय कौन्सिलच्या पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर घ्यावा. त्यावर कोण काय बोललं ते आम्हाला कळेल अशा भाषेत जाहीर करावं. मी वाट बघतोय.

आपला,
हडपसरचा एक मेडिकलवाला